दट्टो नीट फिरला नाही

विभा दिसायला काही विशेष नाही, हे मी आधीच सांगून टाकते. रंग गव्हाळ, नाक जरा बसकं, आणि हसली की वरची हिरडी दिसते. तरीही बेचाळीस हजार माणसं फोनवरचं तिचं पान धरून बसली आहेत. तिनं काही टाकलं रे टाकलं की फोन उघडून तिचं तोंड बघतात. आकडा मी मनानं सांगत नाही, तिथं वरच लिहिलेला असतो. मी रोज बघते.

ती माझी धाकटी जाऊ. नडियादला संतराम मंदिराच्या मागच्या सोसायटीत आमचं दोन मजली घर आहे. वर मी आणि माझे मिस्टर कीर्तिकुमार, खाली विभा आणि माझा दीर. एकोणीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन लिंबडीहून आली, तेव्हा तिला लाटणंसुद्धा सरळ धरता येत नव्हतं. वडील शाळेत कारकून, घरात चार बहिणी, ही सगळ्यात धाकटी. हिच्यापर्यंत स्वयंपाक पोचलाच नसावा. तिनं लाटलेली पहिली रोटली आमच्या बांनी, म्हणजे सासूबाईंनी, उचलून खिडकीच्या उजेडात धरली, खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "तरु, हिच्याकडे तू बघ."

तेव्हापासून मी तिच्याकडे बघतेच आहे.

खाखऱ्याचं काम माझं होतं. घरच्यासाठी तर करायचेच, पण सोसायटीतली निम्मी घरं, माझ्या माहेरची माणसं, अमेरिकेला निघालेली कुणाची पोरं, सगळी माझ्याच हातचे खाखरे न्यायची. बाकीच्या बायका आटा मळण्याची आणि मसाल्याची बढाई मारतात. खरं काम तव्यावर असतं. पातळ रोटली अर्धी कच्ची भाजायची, थप्पी लावायची, आणि मग एकेक परत मंद आचेवर टाकून लाकडी दट्ट्यानं दाबत दाबत फिरवायची. दट्टो सगळीकडे सारखा फिरला तर खाखरा काठापासून मध्यापर्यंत एकसारखा कुरकुरीत होतो. जरा लक्ष उडालं की काठ कडक आणि पोट मऊ. हे हातानं कळतं, सांगून कळत नाही. तरी मी विभाला सांगितलं. शेजारी बसवून, मनगट धरून, दोन वर्षं सांगितलं.

एक मात्र मी तिला कधी सांगितलं नाही. तिचा खाखरा चांगला झाला, असं. आमच्याकडे शिकवणारी बाई असं म्हणत नाही. "ठीक आहे" म्हणते. विभा बिचारी "ठीक आहे" ऐकून हिरडी दाखवत खाली जायची.

मग दिराचं रेडीमेड कपड्यांचं दुकान बंद पडलं आणि खालच्या मजल्यावर चिंता शिरली. सोसायटीत झंखना नावाची मुलगी कॉम्प्युटरचे क्लास घेते. ती विभाला म्हणाली, "काकी, खाखरे करता ना? मग जगाला दाखवा." विभानं मला विचारलं. मी म्हटलं, "दाखव बाई. लोकांना दुसरी कामं नसतातच."

पहिल्या व्हिडिओत विभा घरातल्याच गाऊनमध्ये, वर ओढणी टाकून तव्यापुढे बसली होती. बोलता बोलता तिचा एक खाखरा जळला. दुसरी कुणी असती तर तेवढं कापून टाकलं असतं. हिनं तो जळका खाखरा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्यालाच म्हणाली, "अरे माझ्या राजा, मी बडबडत होते, तू तरी ओरडायचं होतंस!" आणि हसली. सगळी हिरडी बाहेर.

मला वाटलं, संपलं. जळका खाखरा कोण विकत घेणार? आठ दिवसांत दोन लाख लोकांनी तो बघितला. कुणी राजकोटहून लिहिलं, कुणी नैरोबीहून लिहिलं, कुणी विचारलं की तो जळकाच मिळेल का. माझ्या हातून पंचवीस वर्षांत किती खाखरे जळले असतील! मी ते गुपचूप गायीला घालत आले.

तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं, ते दुखतंच आहे. उगाच चांगुलपणाचा आव कशाला आणू?

दुपारी मिस्टर झोपले की मी आवाज बंद करून तिचे व्हिडिओ बघायचे. आवाज बंद, कारण खाली ऐकू गेला तर! तिनं स्टेटस टाकलं की पहिली मी बघायचे. मग कळलं की कोणी बघितलं ते तिला दिसतं. ते कसं बंद करायचं हे मी सत्तावन्नाव्या वर्षी स्वतः शोधून काढलं. मेथीचे किती गेले, जिऱ्याचे किती गेले, कुणी काय लिहिलं, मला तोंडपाठ. सुरतेच्या कुणा बाईनं लिहिलं होतं, "विभाबेन, तुमच्या हातात जादू आहे." मी ते तीनदा वाचलं. हाताला धरून कुणी शिकवलं, ते विचार ना गं बाई!

वडोदऱ्याहून माझ्या विहीणबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "विभाबेनचे खाखरे मागवले आम्ही. काय पातळ, काय चव! तरुबेन, तुम्हीसुद्धा करत होता ना पूर्वी?"

करत होता. पूर्वी. मी अजून मेले नव्हते, दोन डबे भरून खाखरे त्या क्षणी माझ्या फडताळात होते. मी म्हटलं, "हो, करायचे थोडेफार." फोन ठेवला आणि मिस्टरांना सांगितलं. ते पेपर खाली न घेता म्हणाले, "मग बरोबरच आहे. तिचे जास्त पातळ असतात."

त्या माणसाशी मी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

यावरही मी गप्प बसले असते. पण मग झंखनानं विभासाठी वेबसाइट केली. छान होती, नाही कशाला म्हणू? वर पिवळ्या रंगात नाव, खाली चित्रं, मागवायची सोय, लोकांनी तारे देऊन अभिप्राय लिहायची जागा. आणि एक पान होतं, "आमची गोष्ट". मी चष्मा पुसून वाचलं. "आमच्या घरातली ही कला मला माझ्या सासूबाईंनी दिली. त्यांच्या प्रेमळ हातांची चव आजही प्रत्येक खाखऱ्यात आहे." शेजारी बांचा फोटो, चंदनाच्या हारासकट.

बांना दमा होता! धुरासमोर त्या दोन मिनिटं बसू शकत नव्हत्या. जन्मात त्यांनी दट्टो हातात धरला नाही. त्यांच्या हाताची चव म्हणे! माझ्या अंगाची आग आग झाली. ज्या हातांनी शिकवलं ते हात वरच्या मजल्यावर जिवंत आहेत, आणि नाव कुणाचं, तर भिंतीवरच्या बाईचं.

दुपारचे तीन वाजले होते. मिस्टर घोरत होते. मी फोनवर नवं नाव घेतलं, मनहर महेता. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल लावलं. विभाच्या वेबसाइटवर गेले, पाचातला एकच तारा दाबला आणि लिहिलं, "खाखरा मध्ये कच्चा. दट्टो नीट फिरला नाही. काठ कडक, पोट मऊ. नाव मोठं झालं की हात ढिला पडतो."

पाठवलं, आणि उठून चहा टाकला. त्या दिवशी चहा फार चांगला झाला होता.

मला वाटलं होतं, तिला जरा टोचेल. दोनशे गोड अभिप्रायांत एक कडू. एखाद दिवस तोंड उतरेल आणि विसरेल. तसं झालं नाही. संध्याकाळी ती वर आली ती फोन हातात घेऊनच. चेहरा पांढरा पडला होता.

"भाभी, हे वाचा."

मी वाचलं. चांगलं लिहिलं होतं.

"असतात गं असे लोक," मी म्हटलं. "सोडून दे."

"झंखनापण तेच म्हणते. म्हणते, काकी, आपलीच साइट आहे, पुसून टाकू. पण भाभी, बाकीचे काय लिहितात? सुपर, मस्त, जादू. त्यांना काय कळतं? हा माणूस दट्टो म्हणतोय. ह्याला काम माहीत आहे. ह्यानं कच्चा म्हटलं म्हणजे कुठेतरी कच्चा राहिलाच असणार."

मी इथंच चुकले. गिऱ्हाईक म्हणून लिहायला बसले आणि हात खाखरेवालीचाच चालला. पण विभाला त्या शब्दावरून माझा संशय आला नाही. उलट त्या शब्दामुळे तिचा त्या मनहर महेतावर विश्वास बसला. दोनशे माणसांचं कौतुक तिनं त्या एका शब्दासाठी फेकून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मागण्या घेणं थांबवलं. पानावर लिहिलं, "थोडे दिवस काम बंद आहे. हात सुधारते आहे." सकाळी सहाला तवा चढायचा तो दुपारपर्यंत उतरत नव्हता. रोज नव्या थप्पीतला एक खाखरा घेऊन ती वर यायची आणि माझ्यासमोर धरायची.

"बघा ना, भाभी. आज कसा आहे?"

मी तुकडा मोडायचे, डोळे मिटून चावायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे."

"मध्ये कच्चा लागतो का?"

"उद्या पुन्हा बघू."

मला बरं वाटत होतं. किती वर्षांनी ती पुन्हा माझ्यासमोर अशी उभी होती, लिंबडीहून आलेली, लाटणं वाकडं धरणारी. तिच्या अंगठ्याला भाजलं होतं, डोळे सुजले होते. ते मला दिसत होतं, नव्हतं असं नाही. तरी मी रोज वाट बघायचे की ती कधी वर येते.

सातव्या दिवशी झंखना मला जिन्यात भेटली आणि जवळजवळ ओरडलीच. "तरुकाकी, तुम्ही तरी समजवा त्यांना! आणंदच्या लग्नाची पाचशे डब्यांची मागणी त्यांनी नाकारली. लोक आठ दिवसांत विसरतात, काकी. पुन्हा पान चालणार नाही. आणि आता म्हणतायत, वेबसाइट काढूनच टाक. साडीच्या दुकानात कामाला जाणार आहेत, सोमवारपासून. बोलणंसुद्धा झालंय."

मी जिन्यातच उभी राहिले. साडीच्या दुकानात विभा. दिवसभर उभी राहून घड्या घालणारी. मला हे हवं होतं का? तिचं नाव जरा कमी व्हायला हवं होतं. एवढं नाही. पण खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी हेही मनात येऊन गेलं की मग लोक पुन्हा माझ्याकडे येतील.

त्या दुपारी ती वर आली. यावेळी एक नाही, अख्खा डबा घेऊन आली. तो टेबलावर ठेवला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"भाभी, आज शेवटचं विचारते. रोज ठीक आहे म्हणता. मला ठीक आहे नकोय. चांगला आहे की कच्चा आहे, एवढंच सांगा. तुम्ही कच्चा म्हणालात तर मी तवा उचलून ठेवते, माझी काही तक्रार नाही. तुमच्याइतकं ह्यातलं कळणारं मला कुणी दिसत नाही."

मी खाखरा उचलला. कच्चा म्हटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं, आणि मला कुणी काही विचारलं नसतं. चांगला म्हटलं तर? तर मनहर महेता खोटा ठरत होता. आणि तो खोटा ठरला की पुढचा प्रश्न यायला वेळ लागणार नव्हता. विभा दिसायला विशेष नाही, पण मूर्ख नाही.

मी तुकडा मोडला. स्वच्छ मोडला, जरासुद्धा वाकला नाही. जिभेवर ठेवला. काठ आणि मध्य यांत काही फरक नव्हता. इतका पातळ की मेथीचं पान त्यातून दिसत होतं. असा खाखरा माझ्या हातून आयुष्यात झालेला नाही. हे मला सात दिवसांपूर्वी माहीत होतं. सात वर्षांपूर्वीही माहीत होतं.

"चांगला आहे," मी म्हटलं.

"खरं?"

"माझ्यापेक्षा चांगला आहे."

तिचे डोळे भरून आले. हिरडी दिसली. तिनं माझा हात धरला, दाबला. मग हळूहळू हात सैल पडला. तिनं डबा जवळ ओढला.

"मग त्या मनहरभाईंना कच्चा कुठं लागला?"

मी उरलेला तुकडा डब्यात ठेवला.

"हा त्यांचा अभिप्राय आला त्याच दिवसाच्या थप्पीतला आहे, भाभी. मी मुद्दाम ठेवला होता." ती म्हणाली. "आणि गिऱ्हाईक दट्टो कशाला म्हणेल? गिऱ्हाईक म्हणेल, नीट भाजला नाही." तिनं मान वर केली. "तुम्ही."

मग माझं डोकं फिरलं. चोर सापडला की आवाज चढवतो, तशीच मी ओरडले.

"हो, मी! आणि तू काय केलंस? बांनी शिकवलं? बांनी? दमेकरी बाई ती, तिनं दट्टो धरला होता कधी? तुझं मनगट कुणी धरलं होतं दोन वर्षं? सगळ्या जगाला खोटं सांगतेस, फोटो लावून, हार घालून!"

"तुमचंच नाव होतं तिथं," विभा म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "पहिल्यांदा झंखनानं लिहिलं ते तुमचंच. मी विचारायला वर आले होते. फोटो टाकू का, नाव घालू का, म्हणून. तुम्ही काय म्हणालात? मला तुम्हा दोघींच्या त्या तमाशात ओढू नका."

म्हणाले होते. आता मी नाही कसं म्हणू? भेंडी चिरत होते आणि मान वर न करता म्हणाले होते.

"मग मी बांचं घातलं. त्या नाही म्हणायला नव्हत्या."

"एकदा नाही म्हटलं म्हणून सोडून द्यायचं?" मी म्हटलं. "आपल्या घरात पुरणपोळीसुद्धा कुणी पहिल्यांदा वाढली की घेतं का? नको नको म्हणायचंच असतं. दुसऱ्यांदा विचारायचं असतं, विभा. तिसऱ्यांदा तर पानात टाकायचंच असतं. एकोणीस वर्षं ह्या घरात राहून तुला एवढं कळलं नाही?"

"ते जेवायच्या पानावर, भाभी," ती म्हणाली. "तुम्ही अशा तोंडानं नाही म्हणालात की मला वाटलं, माझी लाज वाटते तुम्हाला."

मी फोन उचलला, गुलाबाच्या फुलाचं नाव उघडलं आणि ते लिहिलेलं पुसायला गेले. तिनं माझं मनगट धरलं.

"पुसू नका."

"का?"

"राहू दे. त्याच्याखाली लिहा. तुमच्या नावानं. आत्ता जे म्हणालात ते."

"अख्ख्या सोसायटीला कळेल, विभा. माझ्या विहीणबाई वाचतात ते."

"वाचू दे. मी सात दिवस तव्यापुढे रडत होते, ते वाचायला कुणी नव्हतं."

मी एका बोटानं लिहिते. वेळ लागला. ती समोर बसून होती, मदत केली नाही. मी लिहिलं, "वरचं मनहर महेता नावाचं मीच लिहिलं आहे. ते खोटं आहे. विभाला खाखरा मी शिकवला. आता तिचा माझ्यापेक्षा चांगला होतो. तरुलता कीर्तिकुमार परीख, नडियाद." मग तारे आले. मी चार दाबले. पाचव्यावर बोट नेलं होतं, पण ते खाली गेलं नाही. विभानं बघितलं. डबा टेबलावर तसाच ठेवून ती जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून भाजल्याचा वास आला. म्हणजे साडीचं दुकान टळलं. मला हायसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि वास इतका खमंग होता की पोटातही दुखलं. ती वर येईल म्हणून मी चहाला दूध जास्तीचं ठेवलं. दहा वाजले, अकरा वाजले. मग मी फोन उघडला. पान सुरू झालं होतं, लोकांनी शेकड्यांनी फुलं आणि बदाम पाठवले होते. वेबसाइटवर माझ्या लिहिण्याखाली विभानं उत्तर दिलं होतं.

"आभार, तरुलताबेन. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा जरूर मागवा."

एकोणीस वर्षांत तिनं मला भाभी सोडून कधी बेन म्हटलं नव्हतं.